दोन साडू, दोन शेळ्या

काही माणसं यशस्वी का होतात आणि काही जन्मभर आपटतच का राहतात, या विषयावर कळंबचे कृष्णराज मास्तर कुणी बोलावलं तर दीड तास बोलत आणि नाही बोलावलं तरी पाऊण तास बोलत. दहावीच्या पोरांचा निरोप असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, नाहीतर एखाद्या तेराव्याला स्वयंपाकाला उशीर होत असो, मास्तरांच्या हातात माइक गेला की यश आलंच म्हणून समजा. म्हणजे विषय म्हणून. एरवी यश त्यांच्या घराकडं फिरकत नसे. न्हाणीघरात अळिंबी लावली तेव्हा पिशव्यांतून अळिंबी सोडून बाकी सगळं उगवलं. मधमाश्या पाळल्या, त्या शेजाऱ्यांकडं राहायला गेल्या आणि मध तिथं दिला. तरी मास्तर खचले नाहीत. प्रत्येक वेळी त्यांच्या भाषणात एक नवा मुद्दा वाढला, एवढाच काय तो फरक.

आणि त्यांचा धाकटा साडू शिवराज! दहावीला दोनदा बसला आणि दोनदा उठला. नळदुर्गला हायवेवर त्याचा धाबा. समोर ट्रकांची रांग, आत ताटांचा खणखणाट. त्याला यशावर एक वाक्य बोलता येत नसे. बिचाऱ्याला वेळच नसे.

आता माणसाला साडू असणं ही काही वाईट गोष्ट नाही. पण सासरा एक, पंगत एक आणि मोजायची फूटपट्टीही एक म्हटल्यावर भानगड होतेच. सासरे गुंडाप्पा माकणीचे. धरणाच्या कडेनं शेळ्यामेंढ्या राखण्यात त्यांचा जन्म गेला. मुलगा नाही, दोन लेकी. थोरली मंजुषा मास्तरांना दिली, धाकटी करिश्मा शिवराजला. घरात काहीही काढलं की गुंडाप्पांचा फोन नळदुर्गला. बोअर कुठं पाडायची? शिवराजला विचारा. पत्रे कुठले आणायचे? शिवराजला विचारा. सासूबाईंच्या, म्हणजे हरणाबाईंच्या गुडघ्याला कुठला डॉक्टर दाखवायचा? शिवराजला विचारा. थोरले जावई, एम. ए. बी. एड., समोर लोडाला टेकून बसलेत याचं कुणाला काही नाही. माकणीत मास्तरांना आजवर एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि तो म्हणजे "अजून वाढू का?"

मास्तरांना हे फार लागायचं. बाकी काही नको, पण या घरात एकदा, फक्त एकदा, चार लोकांत आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

तर मागच्या अधिक महिन्यात दोन्ही जावई धोंड्याच्या जेवणाला माकणीला गेले होते. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि हातावर काहीतरी वाण ठेवायचं, ही रीत. लोक चांदीचं निरांजन देतात, तांब्याचं ताट देतात. गुंडाप्पांनी गोठ्यातून दोन काळ्याभोर, लहानग्या शेळ्या ओढत आणल्या. जुळ्या बहिणी. एकीला झाका, दुसरीला काढा.

"निरांजन कपाटात पडून ऱ्हातंय, जावई. जित्राब वाढतंय," गुंडाप्पा म्हणाले. "पुढच्या धोंड्याला दोघांनी आपापला कळप घिऊन यायचा. ज्यानं चांगला वाढवला, त्याच्या खांद्यावर ही घोंगडी. मंग ह्या घरात काय बी करायचं आसंल, ते त्याला इचारून."

मास्तरांचे कान टवकारले. एकच आई, एकच वय, एकच रंग, आणि दोन साडू! यशापयशाचा एवढा शास्त्रशुद्ध प्रयोग जगात कुठं झाला नसेल. परतीच्या एसटीत शेळी मांडीवर सावरत ते बायकोला म्हणाले, "मंजुषा, आता सिद्ध होईल बघ. माल सारखा. फरक पडला तर तो फक्त माणसाचा."

"त्याचंच भ्याव वाटतंय मला," मंजुषा म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

शेळीचं नाव ठेवलं प्रगती. पुस्तकात लिहिलं होतं, गोठा उंच आणि हवेशीर असावा. कॉलनीत मास्तरांच्या गच्चीएवढी उंच आणि हवेशीर जागा दुसरी नव्हती. प्रगती वर चढली ती टणाटण उड्या मारत. उतरायचं मात्र तिला पटेना. मग चारा वर, पाणी वर, आणि मास्तरही वर. शाळेच्या उत्तरपत्रिका सुद्धा तिथंच तपासायच्या. त्यातल्या काही प्रगतीनंही तपासल्या. त्या पोरांना मास्तरांनी सरसकट पास केलं, कारण चूक आपल्या घरची होती.

शेजारी शरणबसप्पा. तहसीलमधून रिटायर झालेले. ते रोज कठड्याला टेकून सल्ला देत. "मास्तर, माझ्या अनुभवानं सांगतो, हरभऱ्याची डाळ भिजवून द्या." त्यांनी उभ्या जन्मात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं, पण सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला अनुभव नाही असं कोण म्हणणार? मास्तरांनी डाळ सुरू केली. मग सरकी पेंड सुरू केली. मक्याची भरड, शेवग्याचा पाला, वर गुळाचा खडा. प्रगतीच्या अंगावर तेल लावल्यासारखी चमक आली. मंजुषा म्हणायची, "अहो, एवढं तर तुमच्या आईनं तुम्हाला बी घातलं नसंल." त्यावर मास्तर हसायचे. अडाणी बोलण्याला यशस्वी माणसं उत्तर देत नसतात, हा त्यांचा सातवा मुद्दा होता.

पुढं विम्यासाठी शेळीच्या कानाला बिल्ला मारून घ्यावा म्हणून मास्तर एका कार्यालयात गेले. नाव सांगत नाही, पंखा बंद होता एवढं सांगतो. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर नेला.

"जिल्हा धाराशिव लिहिलाय, आणि शेळीची जात उस्मानाबादी. दोन्ही एकदम कसं?"

"जिल्ह्याचं नाव बदललंय साहेब. शेळीचं नाही बदललं."

"मग तसं पत्र आणा."

"कशाचं पत्र?"

"नाव बदलायच्या आधीची आणि नंतरची शेळी एकच आहे, याचं."

मास्तरांनी पत्र आणलं. मग मालकासोबत शेळीचा फोटो मागितला. दोघांचे दोन्ही कान दिसायला हवे होते. त्या फोटोत प्रगती रुबाबात आली आणि मास्तरांचे डोळे मिटलेले आले, म्हणून मालकाची ओळख पटेना. मालकाची ओळख पटवून मास्तर परत गेले, तोवर बिल्ले संपले होते. "पुढच्या वर्षी या," साहेब म्हणाले. तिकडं शाळा सुटल्यावरच जाता येई आणि तोवर कार्यालय बंद होई, त्यामुळं पुढचं वर्षही तसंच गेलं.

मधल्या काळात प्रगती वयात आली होती. गच्चीवर उभी राहून ती सबंध कॉलनीला हाका घालू लागली. शेजारच्या धुरपताबाई कानात कापूस घालून पोथी वाचू लागल्या. मंजुषा म्हणाली, "अहो, येरमाळ्याच्या रस्त्यानं रोज कळप जातेत. चार दिवस सोडा त्यांच्यात. बोकडाचं बोकड बघून घेईल."

मास्तर ताडकन उठले. "अशी कुणाच्याही गळ्यात बांधायची? वंश, खानदान, आरोग्य, काही बघायचं की नाही?"

आणि मास्तर स्थळं बघत फिरू लागले. स्वतःच्या लग्नात त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. तेरखेड्याच्या बोकडाचे कान आखूड निघाले. ढोकीचा बोकड देखणा होता, पण मालक त्याची आई दाखवायला तयार होईना. "ती कुठनं दावू आता?" मालक म्हणाला. "गेल्या आखाडात पाव्हणं आल्तं..." मास्तरांनी हात वर केला आणि पुढचं ऐकलं नाही. एका बोकडाची उंची, छाती, दात, चाल सगळं जमलं होतं; पण मालकानं मास्तरांना अरे-तुरे केलं. मास्तर तिथून चहा न घेता उठले.

अखेर वाशीचा एक बोकड पसंत पडला. रीतसर टेम्पोतून आला. शरणबसप्पा टोपी घालून हजर राहिले, जणू मुलीकडचेच. बोकड ऐटीत जिना चढून गच्चीवर गेला. प्रगतीनं त्याला खालून वर, वरून खाली न्याहाळलं, दोन पावलं मागं सरकली आणि अशी धडक दिली म्हणता, की तो वाशीचा गडी जिन्यावरून गडगडत थेट धुरपताबाईंच्या अंगणात जाऊन पडला. तिथं बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. प्रेमभंग झालेल्या बोकडानं दुःखाच्या भरात निम्म्या खाऊन टाकल्या. धुरपताबाईंनी कापूस काढला आणि मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कॉलनीभर ऐकू गेलं. मास्तर गच्चीवर वाकून बसले होते, पण ऐकू त्यांनाही आलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी प्रगतीला सगळीकडून दाबून बघितलं. म्हणाले, "मास्तर, शेळीला काही झालेलं न्हाय. ती सुखात आहे. एवढी चरबी चढल्यावर गाभण कशी राहणार? पळवा हिला."

झालं. दुसऱ्या दिवशीपासून मास्तर पहाटे शेळीला कसंबसं जिन्यावरून उतरवून फिरायला निघू लागले. प्रगती ऐटीत चालायची, पण भज्याच्या गाड्यापर्यंतच. तिथं बसकण मारायची. दोन गरम भजी खाल्ल्याशिवाय उठायची नाही, आणि खाल्ली की तिला उठवत नसे. मग मागून ढकला, पुढून ओढा, नाहीतर रिक्षा करा. रस्त्यात शाळेची पोरं भेटत. "नमस्कार सर," म्हणत. मग शेळीकडं बघून पुन्हा एकदा "नमस्कार" म्हणत. मास्तरांनी दोन्ही नमस्कार मान हलवून स्वीकारले. दुसरं करणार काय?

साडूकडं काय चाललंय याची त्यांना रात्रंदिवस रुखरुख. एकदा न राहवून त्यांनी फोन लावला. "काय साडू, शेळी काय म्हणते?"

"लई भारी, मास्तर!" पलीकडून तव्याच्या चरचराटात शिवराज ओरडला. "तिच्या जिवावरच चाललंय बघा सगळं! ठेवतो, गर्दी हाय!"

नळदुर्गच्या किल्ल्यापासून धाब्यापर्यंत काळ्याभोर शेळ्यांचा कळप पसरलाय, असं मास्तरांना दिसू लागलं.

आणि बघता बघता पुन्हा अधिक महिना उजाडला. यंदा अधिक ज्येष्ठ. गुंडाप्पांचा फोन आला, "या जावई. कळप घिऊन या." मास्तरांच्या कळपात एक नग होता, आणि तो त्या वेळी गच्चीवर टेबलफॅनसमोर झोपला होता.

मास्तरांनी शरणबसप्पांना गाठलं. शरणबसप्पांनी अनुभव पणाला लावला. "फाइल अपुरी असंल तर काय करायचं असतं मास्तर? दुसऱ्या फाइलीतला कागद काढून लावायचा. साहेब कुठं बघतो?"

मास्तरांना आधी हे पटलं नाही. मग त्यांनी त्यावर मनन केलं. यशस्वी माणसं यश मिळायच्या आधीच ते डोळ्यांसमोर उभं करतात, असं त्यांनी स्वतः शंभरदा सांगितलं होतं. आपण ते फक्त छोटा हत्ती टेम्पोत घालून माकणीला न्यायचं, यात खोटं ते काय? कळंबच्या बाहेर वीरभद्र नावाच्या धनगराची मेंढवाडी बसली होती. त्याच्याकडून एका दिवसासाठी चार काळी करडं मागून आणली. बदल्यात त्याच्या मेव्हण्याच्या लग्नात माइकवरून आहेर वाचायचं मास्तरांनी कबूल केलं.

"न्या मास्तर," वीरभद्र म्हणाला, "पर दूध पितेत आजून. आईसाठी वरडत्याल बरं का."

"ते मी बघतो," मास्तर म्हणाले. त्यांनी आजवर जे जे "मी बघतो" म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते मंजुषाला ठाऊक होतं. "मी त्या टेम्पोत बसायची न्हाय," तिनं सांगितलं आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडं चालू लागली.

माकणीत गुंडाप्पांच्या अंगणात मांडव घातला होता. भावकी जमली होती. टेम्पो थांबला, फळी लावली, आणि प्रगती उतरली. फळी वाकली. गुंडाप्पा तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आले.

"जावई, शेळी हाय का रेडी?"

"आहार, मामा," मास्तर खाकरून म्हणाले. "आणि नियोजन. ही तिची चार पिल्लं. दोन वेतं." आणि त्यांनी करडं एकेक करून खाली ठेवली. भावकीत कुजबुज झाली. एक म्हातारा "वा मास्तर!" म्हणाला. गुंडाप्पांचा हात खांद्यावरच्या घोंगडीकडं गेला. घोंगडी नीट बसावी म्हणून मास्तरांनी खांदा पुढं केला. हरणाबाई ओवाळायला ताट घेऊन आल्या.

पण करडांना काय घोंगडीचं? ती सकाळपासून उपाशी. समोर शेळी दिसली, तशी चारही जणं मुसंडी मारून प्रगतीच्या पोटाखाली घुसली आणि शोधू लागली. पुढून शोधलं, मागून शोधलं, एकमेकांना ढुशा दिल्या. प्रगतीच्या आयुष्यात असला प्रकार कधी झाला नव्हता. ती ब्यां ब्यां करत मास्तरांच्या मागं लपायला बघत होती, आणि लपण्याजोगे मास्तर काही रुंद नव्हते.

हरणाबाईंनी ताट हातात धरून खाली वाकून बघितलं. "अगं बया! चार करडांची आय, आन हिला कास कुठाय?"

सगळा मांडव खाली वाकला. खरंच, शेळीला कासच नव्हती. पोट होतं, मोप होतं, पण कास म्हणून काही नव्हतं.

"मामी, आम्ही बाटलीनं पाजतो," मास्तर म्हणाले. पण आवाज त्यांच्याच कानापर्यंत पोचला. तोवर करडांनी प्रगतीचा नाद सोडून गुंडाप्पांच्या दुभत्या शेळ्यांकडं धाव घेतली होती. बरोबर त्याच वेळी मंजुषा पिशवी घेऊन फाटकातून आत आली, एक नजर टाकली आणि पदर तोंडाला लावून सरळ चुलीकडं निघून गेली.

गुंडाप्पा ओरडले नाहीत, हेच वाईट. घोंगडी नीट करून म्हणाले, "कुणाची हायती?"

"वीरभद्रची."

"सांजच्या आत पोचती करा. त्यांच्या आया वरडत आसत्याल."

मास्तरांना वाटलं, धरण एवढं जवळ आहे, भरलेलं असतं तर बरं झालं असतं. उन्हाळ्यामुळं तीही सोय नव्हती.

तेवढ्यात शिवराजची जीप आली. मागं कळप नाही, पुढं कळप नाही. शिवराज उतरला, करिश्मा उतरली. त्याच्या हातात एक मोठी फोटोची चौकट, चौकटीला हार. फोटोत काळीभोर शेळी.

"मामा," शिवराज मांडवाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "कळप न्हाय. शेळी बी न्हाय."

"म्हंजी?"

"आठव्या दिवशी सुटली आन हायवेवर गेली. ट्रकनं पाय मोडले. लई तडफडत व्हती. मी रडलो, ही रडली. मंग काय करणार? रडत रडत शिजवली."

मांडवातल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. मास्तरांच्या मनात मात्र एक बारीक, नको इतकी गोड आशा उगवली.

"त्या दिवशी हैदराबादचे डायवर व्हते जेवायला," शिवराज सांगू लागला. "त्यांनी बोटं चाटली. पुढच्या खेपेला येऊन म्हणले, तेच पायजे. म्या म्हणलं, ते माझ्या सासऱ्याच्या हातचं जनावर व्हतं, तसलं आता कुठलं! तर ते ऐकंनात. मंग आसपासची जनावरं घेऊन तसंच करायला लागलो. बोर्ड लावला, माकणी मटण. आज हितनं तिथवर गाड्या लागतेत, मामा. तुमच्या शेळीनं नशीब काढलं माझं. गल्ल्याच्या वर फोटो लावलाय. आधी हिला उदबत्ती, मंग गल्ला."

"अधिक महिना हाय, मेल्यांनो! मटनाचं नाव काढू नगा!" हरणाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

गुंडाप्पांनी फोटो हातात घेतला. मिशी थरथरली. आता उठतो आणि काठी घालतो, असं सगळ्यांना वाटलं, आणि मास्तरांना तर फारच वाटलं. गुंडाप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "मसाला कंचा घालतू?"

मांडव असा हसला, की गुंडाप्पांच्या शेळ्या बुजल्या. गुंडाप्पा हसता हसता डोळे पुसू लागले. "एका शेळीवर आर्धा हायवे जेवू घातला पठ्ठ्यानं," ते म्हणाले, आणि घोंगडी काढून त्यांनी शिवराजच्या खांद्यावर टाकली.

खरं सांगायचं तर मास्तरांना रडू येत होतं. ज्यानं आठ दिवसांत शेळी खाऊन टाकली त्याला घोंगडी, आणि ज्यानं तिला तळहातावर जपलं, भजी चारली, रिक्षातून हिंडवली, त्याला काय? दोघांच्याही कळपाची वाढ शून्यच की! एकानं शून्याला हार घालून मिरवलं, एकानं शून्यावर पांघरूण घातलं, एवढाच फरक. मास्तरांच्या सगळ्या मुद्द्यांत हा मुद्दा कुठंच नव्हता.

पंगत बसली. पानात धोंडे आले, वर तुपाची धार आली. मास्तरांना काही गोड लागेना. शिवराज मात्र जेवता जेवता सारखा प्रगतीकडं बघत होता. बघण्यात साडूपणा नव्हता, धंदा होता.

"मास्तर, मी एवढी गावं हिंडतो, असलं जनावर न्हाय बघितलं. काय चारता ओ?"

मास्तर आधी तुटक बोलले. मग डाळ सांगितली. मग पेंड, भरड, शेवगा, कशाचं प्रमाण किती, कुठल्या ऋतूत काय कमी करायचं, सगळं आलं. भावकी कान देऊन ऐकत होती. शिवराजनं घास खाली ठेवला.

"मामा, माझं एकच रडगाणं हाय. गिऱ्हाईक हाय, जनावर मिळत न्हाय. मास्तरांनी अशीच जनावरं तयार करावी, मी घेतो. अर्ध्यात अर्धी भागी. तुमची हितली जागा, त्यांचं डोकं, माझा धाबा."

गुंडाप्पांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि ते मास्तरांकडं वळून बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमाला इचारतो. काय करावं? तुमी म्हनाल तसं."

अहो, विचारलं! चार लोकांत विचारलं! करिश्मा तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. हरणाबाईंनी कानावरचे हात काढले. मंजुषा मान खाली घालून पानातला धोंडा कुस्करत होती. मास्तरांनी हात पुसला, कॉलर नीट केली. एवढ्यात प्रगती दावं सोडवून आली, आणि सवयीनं हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवून उभी राहिली. तोंडानं रवंथ चालू होती. मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. मग शिवराजच्या चौकटीतल्या तिच्या बहिणीकडं बघितलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"न्हाय म्हंजी?"

"मामा, जिला मी ढोकीच्या बोकडाला दिली नाही, तिच्यासारख्या पोरी वाढवून धाब्यावर पाठवू? त्यांना नावं ठेवू, मांडीवर घेऊ, आणि मग कापायला देऊ? मला नाही जमायचं. जगात सगळ्यांना सगळं जमलंच पाहिजे असं कुठं आहे?"

शिवराजनं कपाळाला हात लावला. गुंडाप्पांनी लांब श्वास सोडला आणि पुन्हा पानाकडं वळले.

"हरणे," ते म्हणाले, "मास्तरांना इतके दिस का इचारत न्हवतो, ते आता समद्यांला कळलं."

पंगत खो खो हसत सुटली. मास्तरांनी हसण्याकडं लक्ष न देता धोंडा संपवला. आश्चर्य म्हणजे आता तो गोड लागला.

निघताना प्रगतीला टेम्पोत चढवायला चार माणसं लागली. घोंगडी कमरेला बांधून शिवराजच सगळ्यांत जास्त रेटत होता. "हे वजन मास्तर... हे वजन..." म्हणत तो हळहळत होता. करडं आत टाकली. मास्तर ड्रायव्हरशेजारी बसले, तर मंजुषा पिशवी घेऊन टेम्पोकडंच आली. सरका म्हणाली आणि शेजारी चढून बसली.

तिनं गाव मागं पडू दिलं. मग म्हणाली, "तुम्ही तिथं हो म्हणाला असता ना, तर घरी गेल्यावर मी तुमचंच मटण केलं असतं."

मास्तर तिच्याकडं वळले. मग त्यांना एकदम जोर आला. "अगं, मग तिथं बोलली का नाहीस? सगळे हसत होते मला! एक शब्द बोलली असतीस तर?"

"मला कुणी विचारलं?" मंजुषा म्हणाली. "ते जाऊ द्या. लग्न झाल्यापासून तुम्ही तरी कधी विचारलंय का मला काही?"

मास्तरांनी तोंड उघडलं, काही आठवतंय का बघितलं आणि मिटलं. मागं करडं आईसाठी ओरडत होती. धाराशिव आलं आणि गेलं, तरी मास्तर आठवतच होते.